‘त्याची बायको’ आणि ‘तिचा नवरा’: फ्रेंचच्या सों-सा-से मध्ये अडकलेल्या एका मुलीची केस

मी नागपुरात प्रताप नगरला घरीच फ्रेंचचे क्लास घेते. गेल्या वर्षी जूनमध्ये, पाऊस नुकताच सुरू झाला होता तेव्हा, खामल्याहून एक मुलगी आली, वय 23, बी. फार्म झालेली, केजीपासून इंग्लिश मीडियम. पुढे फ्रान्सला मास्टर्ससाठी जायचं होतं, कोर्स इंग्रजीतलाच पण तिथे राहायचं तर दुकानात, घरमालकाशी, बँकेत बोलता यायला पाहिजे म्हणून डेल्फची, म्हणजे फ्रेंच येत असल्याचं प्रमाणपत्र देणारी, ए-वन (अगदी पहिल्या पातळीची) परीक्षा द्यायचं ठरवलेलं. आधी एक ऑनलाइन क्रॅश कोर्स करून झाला होता, फोनवरच्या ॲपवर रोज अर्धा तास सुरूच होता, वही भरलेली, अक्षर मोत्यासारखं. बसल्या बसल्या म्हणाली, "मॅम, बाकी ग्रामर झालंय माझं, फक्त हे माय-युवर-हिज मध्ये काहीतरी चुकून राहिलं, ॲपवर कधी बरोबर येते कधी चूक, काहून ते समजतच नाही."

ही केस मी पूर्ण लिहून ठेवतेय कारण ती एकटी नाही. इंग्लिश मीडियमची जी जी मराठी मुलं माझ्याकडे येतात त्यातली बरीचशी नेमकी इथेच पडतात, आणि मला मनापासून वाटतं की यात त्यांची चूक फार कमी आहे, आपण त्यांना चुकीच्या दारातून आत घेतोय.

ज्यांना फ्रेंचची काहीच ओळख नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. माझा म्हणायला फ्रेंचमध्ये तीन शब्द, मों, मा, मे. वस्तू पुल्लिंगी असेल तर मों, स्त्रीलिंगी असेल तर मा, अनेक असतील तर मे. तसंच तुझा साठी तों, ता, ते. त्याचा किंवा तिचा साठी सों, सा, से. मग आमचा ला नोत्र आणि अनेकवचनात नो, तुमचा ला व्होत्र आणि व्हो, त्यांचा ला लर. भाऊ फ्रेर, बहीण सर, आई मेर, वडील पेर, नवरा मारी, बायको फाम, घर मेझों, पुस्तक लिव्र. एवढ्या शब्दांत खाली सांगितलेलं सगळं समजतं.

पहिल्या दिवशी मी तिला काही शिकवलं नाही, फक्त म्हटलं की घरच्यांबद्दल लिही, आणि मुद्दाम सांगितलं की प्रत्येकाच्या नात्यातलं कोणीतरी आण, म्हणजे भाऊ, त्याची बायको, तिचा भाऊ, त्याची मुलगी असं. तिने अर्ध्या तासात पान भरलं. त्यात ‘त्याचा-त्याची, तिचा-तिची’ च्या 12 जागा होत्या. 6 बरोबर, 6 चूक. अर्धे बरोबर म्हटल्यावर कोणालाही वाटेल की मुलगी अंदाजाने लिहितेय, अभ्यास कमी पडतोय, अजून सराव द्या. मलाही दोन मिनिटं तसंच वाटलं. पण मग मी लाल पेन बाजूला ठेवला आणि चुका आणि बरोबर वेगवेगळ्या कागदावर उतरवून काढल्या, आणि ते बघून मी तिला चहा करायला लावला आणि स्वतः तो कागदच बघत बसले.

बरोबर आलेले: त्याचा भाऊ, सों फ्रेर. तिची आई, सा मेर. तिची बहीण, सा सर. त्याचे वडील, सों पेर. आणखी दोन याच जातीचे. चुकलेले: त्याची बायको, तिने लिहिलं सों फाम, पाहिजे सा फाम. तिचा भाऊ, लिहिलं सा फ्रेर, पाहिजे सों फ्रेर. त्याची मुलगी, त्याची आई, तिचे वडील, तिचा नवरा, सगळे उलटे.

म्हणजे अंदाज अजिबात नव्हता. मुलगी अगदी पक्क्या नियमाने चालली होती, फक्त नियम इंग्रजीचा होता. हिज म्हणजे सों, हर म्हणजे सा. मालक पुरुष की सों, मालक बाई की सा. आणि गंमत अशी की मालक आणि ज्याच्याबद्दल बोलतोय तो, दोघंही एकाच लिंगाचे असतील तर हा चुकीचा नियम बरोबर उत्तर देतो! त्याचा भाऊ, दोघे पुरुष, सों, बरोबर. तिची आई, दोघी बाया, सा, बरोबर. त्यामुळे ॲपवर कधी हिरवी खूण यायची कधी लाल आणि तिला वाटायचं आपलं नशीबच असं. जो शिकवणारा फक्त ‘त्याचा भाऊ, तिची बहीण’ असेच नमुने देतो त्याला ही चूक वर्षभर दिसणार नाही. तपासायची असेल तर तिरपी जोडी द्यावी लागते, त्याची आणि तिचा.

मी तिची जुनी वही मागितली. क्रॅश कोर्सच्या पानावर तिने स्वतःच्या हाताने तीन ओळी लिहिल्या होत्या, रंगीत पेनने चौकट करून. हिज, सों. हर, सा. देअर, से. तीन फ्रेंच शब्द दिसले, इंग्रजीतले तीन शब्द दिसले, आणि एकास एक जोडून टाकले. कोणीही केलं असतं. म्हणूनच ‘त्यांचं घर’ ला ती से मेझों लिहीत होती, जेव्हा की से म्हणजे एकाच माणसाच्या अनेक वस्तू, आणि त्यांचं घर म्हणजे लर मेझों.

आता उपाय. मी तिला म्हटलं इंग्रजी बंद कर आणि मराठीत सांग, ‘हिज वाइफ’. म्हणाली त्याची बायको. मी विचारलं, ‘त्याची’ मधला ‘ची’ कुठून आला? तो तर पुरुष आहे ना, मग ‘चा’ का नाही? ती थांबली. मग म्हणाली, "बायको आहे ना मॅम, म्हणून ची." बरं, तिचा नवरा, यात मालकीण बाई आहे, मग ‘चा’ कसा? "नवरा आहे म्हणून." आणि हे म्हणताना तिचा चेहरा बदलला, कारण तिला कळलं की आपण हे जन्मापासून करतोय आणि कधी चुकलो नाही.

मग मी वहीवर मोठ्या अक्षरात ‘त्याची’ लिहिलं आणि तिला म्हटलं, ‘त्या’ वर अंगठा ठेव. उरलं ‘ची’. आता ‘तिची’ लिहून ‘ति’ वर अंगठा ठेव, उरलं ‘ची’. दोन्हीचं फ्रेंच एकच, सा. ‘त्याचा’, ‘तिचा’, अंगठ्याखालचं सोडून दे, उरला ‘चा’, दोन्हीचं सों. ‘त्याचे भाऊ, तिच्या बहिणी’, चे आणि च्या, दोन्हीचं से.

आपल्या मराठी शब्दाला दोन टोकं आहेत बघा, पुढचं टोक मालक सांगतं, त्या की ति, आणि मागचं टोक वस्तू सांगतं, चा की ची की चं. इंग्रजीने फक्त पुढचं ठेवलं. तिथे टेबल-खुर्ची-घर सगळंच इट, नामांना लिंग उरलंच नाही, मग मागे जुळवणार कशाशी. फ्रेंचने फक्त मागचं ठेवलं, आणि ते लॅटिनमधून तसंच आलंय, लॅटिनमध्ये माझा-माझी-माझं ला मेउस, मेआ, मेउम असे चक्क तीन होते, आपल्यासारखेच, त्यातलं नपुंसकलिंग फ्रेंचमध्ये गळून गेलं. म्हणजे मराठी मुलाकडे दोन्ही भाषांचं सामान आधीच आहे. त्याला इंग्रजीच्या पुढच्या टोकावरून फ्रेंचच्या मागच्या टोकावर उडी मारायला लावणं म्हणजे घरात विहीर असताना शेजारच्या गल्लीतून पाणी आणायला लावणं आहे.

अंगठ्याचा हा प्रकार तिला एका तासात जमला, पण खरी गोष्ट तर तिनेच सांगितली, दुसऱ्या आठवड्यात. गाडी स्टँडवर लावता लावता बोलली, "मॅम, हे तर हिंदी झालं ना. उसका भाई, उसकी बहन. हिंदीत त्याचा आणि तिचा वेगळा असतेच कुठे?" आणि खरंच की! नागपूरचं पोर दिवसातून शंभर वेळा ‘उसका’ म्हणतं. उसका म्हणताना मालक बाई की पुरुष हे कळतच नाही, आणि लिंगं दोनच, नपुंसक नाही. उसका म्हणजे सों, उसकी म्हणजे सा, उसके अनेकवचनी म्हणजे से. अंगठा ठेवायचीही गरज नाही. मी इतकी वर्षं शिकवतेय, घरी मराठी, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) हिंदी बोलतेय, आणि हे मला एका विद्यार्थिनीने सांगितलं. तेव्हापासून मी नागपूरच्या मुलांना पहिल्या दिवशी ‘उसका-उसकी’ वरूनच उचलते.

तिची आजी काटोलकडची, संत्र्याच्या पट्ट्यातली. एकदा क्लास सुरू असताना आजीचा फोन आला, स्पीकर चुकून चालू राहिला, आजी कोणाला तरी सांगत होती, "माही नात आहे ते, परदेशात जाते, माहा लेक तिले पाठवते." मुलगी पटकन स्पीकर बंद करायला गेली, लाजली बिचारी. मी तिला फोन ठेवू दिला आणि फळ्यावर लिहिलं: माहा भाऊ, माही बहीण, माहे भाऊ. खाली लिहिलं: मों फ्रेर, मा सर, मे फ्रेर. माहा, माही, माहे. मों, मा, मे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, की आजीच्या तोंडची वऱ्हाडी ही लपवायची वस्तू नाही. त्यात जे व्याकरण आहे ते पॅरिसमध्ये चालतंय. आणि आपण नागपूरचे लोक ‘माझावाला पेन’, ‘तुझीवाली गाडी’ म्हणतो त्याला पुण्यात हसतात, पण फ्रेंचमध्ये नाम गाळून नुसतं ‘माझावाला’ म्हणायला वेगळा शब्दच आहे, ल म्यँ, आणि माझीवाली ला ला म्येन. ‘तुझी गाडी लाल, माझीवाली पांढरी’ हे वाक्य तिने न अडखळता फ्रेंचमध्ये केलं कारण नागपुरी डोक्यात ते आधीच तयार होतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की झालं काम. झालं नाही. जुलैच्या शेवटी मी घाईत बोलायचा सराव घेतला, मी मराठीत म्हणायचं, तिने एका श्वासात फ्रेंच द्यायचं, आणि जुनी चूक परत आली. तिचा नवरा, सा मारी. त्याचा भाऊ, सा फ्रेर. नीट बघा, दुसरी चूक वेगळी आहे. ‘त्याचा भाऊ’ मध्ये तर इंग्रजीचा नियमही सों च देतो. म्हणजे ही इंग्रजीची चूक नव्हतीच, नवीन रोग होता. मी तिला तेच परत सावकाश म्हणायला लावलं, स्वतःच्या तोंडाने मराठी आणि फ्रेंच एकापाठोपाठ, आणि कानाला जे ऐकू आलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. चा, सा. त्याचा, सा. यमक जुळतंय!

मराठी कानाला शेवटचा ‘आ’ म्हणजे पुरुष. माझा, काळा, घोडा, मुलगा, चांगला. आणि फ्रेंचमध्ये मा, ता, सा, आणि इंग्रजीतल्या ‘द’ सारखा नामाआधी लागणारा ला, हे सगळे स्त्रीलिंगी. आपण जेवढे जास्त मराठीवर विसंबतो तेवढा कान जास्त फसतो. हिंदीचा ‘उसका’ ही तोच दगा देतो. हे मला कोणत्याही पुस्तकात मिळालं नव्हतं, कारण पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात आणि त्यांच्या कानात हे यमक नसतंच.

यावर दोन-तीन युक्त्या करून पाहिल्या, रंगीत कार्ड वगैरे, फार उपयोग झाला नाही. कामी आली ती एकच. आपल्याकडे संस्कृतातून आलेले आकारान्त शब्द बहुतेक स्त्रीलिंगी असतात, शाळा, भाषा, कविता, माला, आणि मुलींची नावं, सीता, मीरा, राधा. मी तिला म्हटलं, फ्रेंचचा ‘आ’ हा घोड्यातला आ नाही, सीतेतला आ आहे. सा, सीता. मा, सीता. ला, सीता. ती रोज बर्डीवरून जायची, म्हणाली मग सीताबर्डीची पाटी दिसली की म्हणेन. आणि खरंच म्हणायची, पंधरा दिवस मेट्रोत बसून पुटपुटायची, ला सीता, मा सीता, सा सीता. ऑगस्टच्या मध्यापर्यंत घाईतल्या चुका जवळजवळ थांबल्या. जवळजवळ, कारण दमली की अजूनही एखादी निसटायची.

मराठीचा आणखी एक दगा होता आणि तो जास्त हळवा आहे. ‘माझे बाबा’. आपण वडिलांना आदरार्थी बहुवचन लावतो, माझे बाबा, त्यांची गाडी. तिने लिहिलं मे पेर, म्हणजे ‘माझे वडील’ खरे पण अनेक! आणि पुढे लर व्वात्यूर, म्हणजे दोन-चार जणांची मिळून एक गाडी. फ्रेंचमध्ये बाबा एकच, मों पेर, आणि त्यांची गाडी सा व्वात्यूर. तिला हे लिहिताना फार जड गेलं, म्हणाली बाबांना अरे-तुरे केल्यासारखं वाटते. मी समजावलं की फ्रेंच आदर करते, पण समोर बसलेल्या माणसाशी बोलताना, पाठीमागे बोलताना नाही. हे समजावल्यावर आम्ही एक सवय लावली, ‘त्यांचा’ लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं, माणसं किती? एक असेल तर सों-सा, जास्त असतील तरच लर.

समोरच्याचा आदर मात्र आपल्यासारखाच आहे आणि तिथे पुन्हा इंग्रजीने घोळ घातला होता. डेल्फ ए-वनच्या तोंडी परीक्षेत एक भाग असतो, त्यात शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्या उचलायच्या आणि त्या शब्दावरून परीक्षकालाच प्रश्न विचारायचे. मी परीक्षक झाले, तिने ‘कुटुंब’ ची चिठ्ठी उचलली आणि मला विचारलं, ता फामीय, म्हणजे तुझी फॅमिली मोठी आहे का? मी म्हटलं, हेच मला मराठीत विचार. तिने लगेच विचारलं, "मॅम, तुमची फॅमिली मोठी आहे का?" बस, तुमची, व्होत्र. इंग्रजीत आई, मित्र, परीक्षक सगळ्यांना युवर, म्हणून फरक डोक्यातच येत नव्हता. मराठीतून विचार करायला लावला की एका मिनिटात सुटलं, परत कधी चुकली नाही.

हात धुण्याचंही तसंच. इंग्रजीत ‘मी माझे हात धुते’ म्हणतात म्हणून ती मे मँ लिहायची. मराठीत आपण नुसतं हात धुते म्हणतो, माझे कशाला, दुसऱ्याचे थोडीच धुणार, आणि फ्रेंचमध्येही तसंच, ज म लाव्ह ले मँ. पण डोकं दुखतंय म्हणायचं तर मराठीत ‘माझं डोकं’ आणि फ्रेंचमध्ये माझं नाही, नुसतं ला तेत. म्हणजे मराठी प्रत्येक वेळी वाचवेल असंही नाही, एवढं पाठच करावं लागतं.

नात्यांचे शब्द पटकन आटोपले. काका, मामा, मोठे बाबा सगळे ओंक्ल, आत्या-मावशी-मोठीआई सगळ्या तांत, दीर, भासरे, मेव्हणा, साडभाऊ सगळे बो-फ्रेर. तिला वाईट वाटलं की मावशीला वेगळा शब्दच नाही, मग आम्ही ‘माझ्या आईची बहीण’ असं फोडून म्हणायला शिकलो, ला सर द मा मेर, आणि त्या निमित्ताने हेही झालं की फ्रेंचमध्ये आपली साखळी उलटी वाचायची, शेवटचा शब्द आधी.

सगळ्यात जास्त दिवस घेतले ते नपुंसकलिंगाने आणि स्वरांनी. अंगठा ठेवून ‘चं’ उरला तर काय? त्याचं घर, तिचं पुस्तक, त्याचं दार. फ्रेंचमध्ये ‘चं’ नाही. तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं की चं म्हणजे सों, आणि मग मेझों चुकलं, कारण घर स्त्रीलिंगी, दार म्हणजे पोर्त ते स्त्रीलिंगी, पुस्तक लिव्र मात्र पुल्लिंगी. आपला चंद्र पुरुष, त्यांची ल्यून बाई. इथे कोणतीही युक्ती नाही, शब्द घेतानाच लिंगासकट घ्यायचा. बरेच जण ल (पुल्लिंगी ‘द’) किंवा ला लावून पाठ करायला सांगतात, मी यून आणि अँ लावून सांगते, म्हणजे ‘एक’ लावून, यून स्त्रीलिंगी, अँ पुल्लिंगी, आणि त्याचं कारण संत्रं आहे.

संत्र्याला फ्रेंचमध्ये ओरांज म्हणतात आणि ते स्त्रीलिंगी आहे. (शब्द मुळात आपल्याकडचाच, संस्कृतातल्या नारंग वरून अरबी, मग युरोप असा फिरत गेला आणि वाटेत सुरुवातीचा न गमावून बसला.) स्त्रीलिंगी आहे तर ‘माझं संत्रं’ मा ओरांज व्हायला पाहिजे ना? पण होत नाही. शब्द स्वराने सुरू झाला की दोन स्वर एकमेकांवर आपटू नयेत म्हणून स्त्रीलिंगी असूनही मों, तों, सों लागतो, आणि मग तो मों मधला न, जो एरवी नाकात विरतो, तो पूर्ण उच्चारला जातो, मोनोरांज. शाळा स्त्रीलिंगी, तरी मोनेकोल. मैत्रीण स्त्रीलिंगी, तरी मोनामी. जुन्या फ्रेंचमध्ये इथे ‘मा आमी’ मधल्या मा चा आ गाळून ‘मामी’ म्हणत, मग कधीतरी लोकांनी ते चुकीच्या जागी तोडून ‘मा मी’ असं ऐकलं आणि ‘मी’ हा प्रेयसीसाठी वेगळाच शब्द तयार झाला, फ्रेंच माणसांचाही कान फसतोच.

मी फ्रीजमधून खरं संत्रं काढून टेबलावर ठेवलं. म्हण. मोनोरांज. आता मध्ये ‘लहान’ घाल, पतीत. ती म्हणाली मों पतीत ओरांज. नाही, आता मों च्या पुढे पतीत आलं, ते प ने सुरू होतं, स्वर गेला, मग मा परत. मा पतीत ओरांज. पुन्हा लहान काढ. मोनोरांज. घाल. मा पतीत ओरांज. पंधरा-वीस वेळा केलं, शेवटी तिने संत्रं सोलून खाल्लं. यात मुद्दा हा की मोनोरांज ऐकून लिंग कळत नाही, लोरांज ऐकूनही कळत नाही (स्वरापुढे ल आणि ला दोन्हींचा नुसता ल् उरतो), फक्त यूनोरांज मध्ये कळतं. म्हणून स्वराने सुरू होणारा प्रत्येक शब्द यून किंवा अँ लावूनच वहीत उतरवायचा, हा माझा आता हट्ट आहे.

एक छोटी गोष्ट जी तिला फार आवडली. मस्यो आणि मादाम हे दोन शब्द तर फ्रेंच न येणाऱ्यालाही माहीत असतात. त्यात मों आणि मा लपलेले आहेत, मों-सिअर, मा-दाम, माझे साहेब, माझ्या बाई. आणि अनेकवचन केलं की तेच बदलतात, मेस्यो, मेदाम, म्हणजे मे. आणि पॅरिसचं ते प्रसिद्ध चर्च नोत्र दाम, आमची माउली. तिने हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं, रंगीत पेनने, जुन्या चौकटीसारखीच चौकट करून.

परीक्षा पुण्याला होती, नोव्हेंबरमध्ये. डेल्फ ए-वनमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकी 25 गुण, एकूण 100 पैकी 50 लागतात आणि कोणत्याही भागात 5 पेक्षा कमी चालत नाही. लिहिण्यात एक फॉर्म भरायचा आणि मग निदान 40 शब्दांचा छोटा मजकूर. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेली, दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन. तोंडी छान झाली, व्होत्र व्होत्र करून आली. लिहिण्यात पत्रासारखं काहीतरी होतं, त्यात बहिणीबद्दल लिहिलं, तिचा नवरा सों मारी बरोबर, बाबांची गाडी सा व्वात्यूर बरोबर. मग आवाज बारीक झाला. "मॅम, तिची मैत्रीण ला सा आमी लिहून आली मी. बाहेर आल्यावर आठवलं सोनामी पाहिजे होतं." मी म्हटलं जाऊ दे, आधी काहीतरी खाऊन घे.

पास झाली. पण ती सा आमी माझ्या डोक्यातून गेली नाही, कारण ती तिची नव्हती, माझी होती. मी स्वरांचा धडा पाचव्या आठवड्यात घेतला होता, तोपर्यंत ‘ची म्हणजे सा’ इतकं घट्ट बसलं होतं की अपवाद वरवरच राहिला. नव्या बॅचला मी आता ‘ची म्हणजे सा’ सांगते त्याच दिवशी संत्रं टेबलावर ठेवते. आणि वहीच्या पहिल्या पानावर तीन रकाने पाडायला सांगते, एक हिंदीचा, एक घरच्या बोलीचा मग ती वऱ्हाडी असो की मराठी, एक फ्रेंचचा. इंग्रजीचा रकाना पाडू देत नाही. या बॅचमध्ये एक मुलगा आहे त्याच्या घरी तेलुगू बोलतात, त्याच्या दुसऱ्या रकान्यात काय लिहायचं ते आम्ही दोघं मिळून शोधतोय.